पहिलं ऐकणं

१

लोरिसने दार ओढलं तेव्हा उस्ताद खुर्चीत नव्हते. खुर्चीच्या पायाशी कुशीवर पडले होते आणि अंगठा अजून बटणावर होता. चेहरा गुलाबी, टवटवीत. क्षणभर लोरिसला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

मग त्याचं स्वतःचंच डोकं गरगरलं.

"गॅस!" मागून ओद्दोने नावाचा वेल्डर ओरडला. "श्वास रोख आणि पाय धर त्याचे!"

दोघांनी फरफटत त्यांना अंगणात आणलं. धुकं इतकं की समोरचं फाटक दिसेना. उस्तादांची मुलगी निवेस धावत आली, बापाच्या गळ्याला दोन बोटं लावली, आणि "मागचं शटर उघडते, नाहीतर आत जाईल तो मरेल," म्हणत त्याच खोलीत घुसली. तोरिनोच्या गाडी कंपनीतून आलेले प्रांदी साहेब अंगणाच्या मधोमध उभे राहून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होते. अ‍ॅम्ब्युलन्स चाचपडत आली. डॉक्टर खाली वाकला, उठला आणि त्याने टोपी काढली.

उस्ताद लेआर्को मोंतोर्सी गेले. इटलीत मोदेनाच्या आसपास गाड्यांचं काम करणारा एकही माणूस नसेल ज्याला हे नाव माहीत नाही. इंजिन कुणीही बनवावं, त्याला गळा मिळायचा तो मोंतोर्सींच्या कारखान्यात. एक्झॉस्टच्या नळ्या किती लांब ठेवायच्या, डावीकडच्या उजवीकडच्यांना कुठे भेटवायच्या, कुठे पोट फुगवायचं, कुठे झडप बसवायची, यावर गाडी गाणार की खोकणार ते ठरतं. आणि ते ठरवायचे उस्ताद, एकटे, त्या खोलीत बसून.

खोलीला सगळे 'बहिरी' म्हणायचे. भिंतींना, छताला, दारालासुद्धा स्पंजाचे हातभर लांब दात. बोललं की शब्द ओठांपाशीच पडायचा. मधे रोलरवर गाडी, मागे खुर्ची. नवी नळी बसली की उस्ताद आत जायचे आणि काचेवरचा पडदा ओढून घ्यायचे, कारण ऐकताना त्यांना कुणी बघितलेलं चालायचं नाही. गॅसचा गजर टिकटिक करतो म्हणून त्याची वायर स्वतः उपटायचे. बाहेरच्या केबिनमधून लोरिस इंजिन चालू करायचा. हळूहळू चढवायचा, वर नेऊन सोडून द्यायचा. आतून बटण दाबलं की केबिनमध्ये हिरवा दिवा लागायचा. दिव्याचा अर्थ एकच, पुन्हा वाजव. पडदा सरकला की संपलं. तोवर दार उघडायचं नाही. बाप मेला तरी नाही, असं ओद्दोने नेहमी गमतीने म्हणायचा.

आज सकाळी हिरवा दिवा लागला. मग परत लागला. मग परत. दर वेळी जास्त वेळ.

आणि लोरिस खूश होता. मनात म्हणत होता, आवडलंय म्हाताऱ्याला.

दिवा विझेचना म्हणून दार ओढेपर्यंत, दर वेळी त्याने इंजिन परत चढवलं होतं.

२

दुपारपर्यंत फौजदार देआन्ना बेल्लेई आल्या. बुटक्या, जाड कोट, नाक सर्दीने लाल. सगळ्यांचे फोन गोळा करून त्यांनी एका पातेल्यात टाकले.

"सरकारी वकील मोदेनाहून निघालेत. धुक्यात अडकलेत. ते येईपर्यंत फाटकाबाहेर कुणी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "झानासी कोण?"

"मी," लोरिस म्हणाला.

"चल. आत बसू."

"त्या खोलीत?"

"हवा झालीये. आणि तिथलं बाहेर ऐकू जात नाही म्हणतात. मला बरंय."

त्यांनी दार लावलं. लोरिसच्या कानात दडे बसले. स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं. बसायला एकच खुर्ची होती आणि बाईंनी तीच त्याच्याकडे सरकवली.

"उभा राहतो मी."

"बस. वेळ लागणार आहे."

तो बसला. समोर गाडीचं बूड, मागची चार नळकांडी आणि त्यांच्यापासून वीतभर लांब हवा ओढणारं मोठं नसराळं. नळकांड्याला चिकटवलं तर आवाज बदलतो, म्हणून ते नेहमी वीतभर लांब ठेवायचे. पंखा छतावर, लांब. गॅस नसराळ्यातून, शटरशेजारच्या झडपेतून वर जायचा.

"मला गाड्यांतलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "माझी छोटी पांडा गाडी चालली की चालली. पण खाली वाकून मी बघितलं. मोठ्या नळीला एक छोटी नळी फुटलीये. तिचं टोक उघडं आहे आणि त्याचं बूच जमिनीवर पडलंय. तिथून सगळा धूर खोलीत गेला असणार. बरोबर?"

"तिथून... जाईल. हो."

"ते बूच कोणी बसवलं होतं?"

लोरिसने जमिनीवरच्या बुचाकडे बघितलं. "काल संध्याकाळी. मी."

"घट्ट?"

"घट्ट! पान्याने आवळलंय बाई, आईची शपथ!"

"आणि आज तो आत गुदमरत असताना इंजिन कोण चालवत होतं?"

 लोरिस ओरडला असता तरी भिंतींनी ते खाल्लं असतं. उस्तादसुद्धा ओरडले असतील इथे. याच खुर्चीतून. पायातलं बळ आधी जातं या गॅसने, दारापर्यंत जाता आलं नसेल. मग हाताशी होतं ते दाबलं त्यांनी. आणि त्याने काय केलं? अजून धूर पाठवला.

"तुझ्यासारख्या पोराला मी बेड्या घालायला आले नव्हते," बाई नाक पुसत म्हणाल्या. "पण वकील आले की मला एक नाव द्यावं लागेल. आत्ता माझ्याकडे एकच आहे."

३

स्वयंपाकघरात चौघं एका टेबलाभोवती. सकाळी ओद्दोनेच्या बायकोने पाठवलेली सारण भरलेली तोर्तेल्लीनी रश्श्यात फुगून मऊ झाली होती. कुणी हात लावला नव्हता. खिडकीबाहेर पांढरं फटक. जणू कुणी काचेवर चादर टांगलीये.

"मला तोरिनोला फोन करायचाय," प्रांदी साहेब म्हणाले. "गुरुवारी गाडी दाखवायचीये."

"दाखवा की," ओद्दोने फिस्कारला. "शवपेटीला मागून जोडा. छान वाजेल."

"ओद्दोने, पुरे," निवेस म्हणाली. ती कॉफी करत होती. डाव्या हाताने भांडं उचलत होती, डाव्या हाताने ओतत होती, आणि निम्मी कॉफी बशीत सांडत होती. उजवा हात स्वेटरच्या खिशात. लोरिसला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला. तो उठून मदत करायला गेला.

"बस तू," ती म्हणाली. नजर वर न करता. "आज पुष्कळ मदत केलीस."

ते सुरीसारखं लागलं.

बेल्लेई बाई सगळ्यांना आळीपाळीने विचारत होत्या. गप्पा मारल्यासारखं.

"सकाळी कोण कुठे होतं?"

"मी आणि हे तोरिनोचे राजे, अंगणात," ओद्दोने म्हणाला. "भिंतीला टेकून ऐकत होतो. जाड आवाज भिंतीतून येतो ना. बारीक येत नाही." तो थांबला. "माणसाचा येत नाही."

"मी केबिनमध्ये. लोरिसच्या मागे," निवेस म्हणाली.

"दिवा परत परत लागला तेव्हा वाटलं नाही काही?"

"मला वाटलं होतं," लोरिस पटकन बोलला. "दुसऱ्यांदा. निवेसला म्हणलं, बघून येऊ का? ती म्हणाली, पडदा उघडलाय का? नाही ना, मग चालव."

"नियमच होता तसा," निवेस शांतपणे म्हणाली. "विचारा कुणालाही."

ओद्दोनेने मान हलवली. नियम तसाच होता.

"बरं, आता मला अडाणी बाईला सांगा," बाई म्हणाल्या. "ती छोटी नळी असते कशाला? दुसरीकडून बंदच, तर तिचा उपयोग काय?"

प्रांदी साहेबांना घसा साफ करायला संधी मिळाली. "ती आंधळी नळी. एका ठरावीक वेगाला सगळीच गाडी घुमते. बूऽऽम असं. डोकं उठतं. तो घुमारा या नळीत शिरतो, बंद टोकाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या घुमाऱ्याला उलटा भिडतो. दोघं एकमेकांना मारतात. म्हणून टोक बंद हवं आणि लांबी अगदी मापात."

"आणि टोक उघडं राहिलं तर?"

"तर घुमणार. शिवाय फसफसणार."

लोरिसच्या हातातला कप बशीवर आपटला.

"घुमली नाही," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"आज गाडी घुमली नाही! पहिल्यांदा नळ्या थंड होत्या तेव्हा जरा, तेवढं चालतंच. पण नंतर एकदाही नाही. लोण्यासारखी चढली. म्हणून तर मी खूश होतो. बाई, बूच जागेवर होतं! मी चालवत होतो तोवर बूच जागेवर होतं!"

"घुमली थोडी," निवेस म्हणाली.

"नाही घुमली."

"लोरिस, तू घाबरलायस. तुला आता हवं तेच आठवणार."

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "रेकॉर्डिंग असेल ना?"

"बाबा पहिल्या ऐकण्याचं रेकॉर्डिंग करू द्यायचे नाहीत," निवेस म्हणाली. "कधीच."

"म्हणजे कान विरुद्ध कान." बाईंनी सुस्कारा सोडला. "वकिलांसमोर कान नेऊन ठेवता येत नाही, झानासी."

बाहेर लांब कुठेतरी धुक्यात मोटारीचा हॉर्न वाजला. लोरिस खिडकीकडे वळला.

४

मोटार दुसऱ्याच कुणाची तरी होती. निघून गेली.

बाई उठल्या. "इथे तुम्ही आवाज निवडता कसा? चार माणसांत भांडण झालं तर?"

"पाठ करून," ओद्दोने म्हणाला. "सगळ्यांनी गाडीकडे पाठ करायची. बोलायचं नाही. एकदा वाजवतात, मग काहीतरी बदलून परत वाजवतात. पहिला पटला तर डावा हात वर, दुसरा पटला तर उजवा. दुसऱ्याचं तोंड बघून मत द्यायचं नाही म्हणून पाठ."

"झकास. तेच करू."

"आत्ता?" निवेस म्हणाली. "माझे वडील..."

"तुमच्या वडिलांसाठीच."

पंखा चालू केला. शटर उघडं ठेवलं. बाईंनी लोरिसला गाडीशी नेलं आणि आधी बूच हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघितलं. मग रुमालाच्या टोकाने त्याच्या आट्यांमधून पुसलं. रुमाल पांढराच राहिला.

"आणि हे?" त्यांनी तोच रुमाल नसराळ्याच्या कडेवरून फिरवला. काळाकुट्ट.

"नवं इंजिन आहे, पेट्रोल जास्त पितं अजून. काजळी फार," लोरिस म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं. धूर त्या टोकातून गेला असता तर आटे काळे झाले असते. आतले, बाहेरचे, सगळे. जमिनीवरही डाग पडला असता.

"बाई..."

"तोंड बंद. बूच लाव, इंजिन गरम कर आणि वाजव. मग बूच काढ आणि परत वाजव. त्या क्रमानेच. काढताना काय घालतोस हातात?"

"जाड हातमोजे. तापलेलं असतं ते, नुसत्या हाताने कातडी निघते."

"हं," बाई म्हणाल्या.

अंगणात तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ओद्दोने, प्रांदी, निवेस. लोरिसने इंजिन चढवलं. पहिल्यांदा गाडी खालून वर एका श्वासात गेली, कुठेही न अडखळता. अंगावर काटा आला त्याच्या, आणि काटा आला याची लाजही वाटली. मग मोजे घालून त्याने पान्याने बूच काढलं आणि इंजिन परत चढवलं. बूऽऽम. भिंत घुमली, खिडक्या थरथरल्या, खालून फसफस.

इंजिन थांबलं. 

"आज सकाळी ऐकलात तो कुठला?" बाई म्हणाल्या. "हात वर."

ओद्दोनेचा डावा हात ताडकन वर गेला. प्रांदी साहेबांनी जरा थांबून डावाच उचलला.

निवेस तशीच उभी.

शटरमधून लोरिसला तिची पाठ दिसत होती. खांदे कानापर्यंत आलेले. डावा उचलावा तर बूच जागेवर होतं हे कबूल. उजवा उचलावा तर तो खिशातून काढावा लागणार. तिला ते समजलं होतं. इथे सगळ्यांत तिखट कान तिचाच, बापानंतर. कुठला नटबोल्ट सैल आहे ते ती दुसऱ्या खोलीतून सांगायची.

"निवेसबाई," फौजदार म्हणाल्या, "आम्ही थांबलोय."

तिने उजवा हात वर केला. अंगठा आणि पहिली दोन बोटं लालभडक, टरारून फोड आलेले.

५

"कॉफीच्या भांड्याने भाजलं," निवेस म्हणाली.

"कॉफी तुम्ही नंतर केलीत. आणि डाव्या हाताने केलीत," बाई म्हणाल्या. आवाज मऊच होता. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. बूच जागेवर होतं. कान सांगतात, आटे सांगतात. मग धूर खोलीत का राहिला? वरची वाट बंद होती म्हणून. नसराळ्याच्या वर एक झडप आहे, शटरच्या शेजारी. तिला कुलूप आहे. झानासी, किल्ली कोणाकडे असते?"

"सुरक्षेचं सगळं निवेसकडे," लोरिस म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला.

"झडप बंद सापडली असती तर बोट थेट तुमच्याकडे. म्हणून तुम्ही शटर उघडायच्या निमित्ताने आत गेलात. एकट्या. सगळ्यांदेखत, आणि सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. झडप उघडलीत. पण मग धूर आला कुठून ते दाखवायला हवं. काल बूच या पोराने बसवलं हे तुम्हाला माहीत होतं. मोजे शोधायला वेळ नव्हता. पान्याने सैल केलंत आणि चिंधीने धरून फिरवलंत."

"घुमारा येणार हे तिला कळत नव्हतं होय?" ओद्दोने पुटपुटला. "तिनेच तर ती नळी मापलीये."

"कळत होतं," निवेस म्हणाली. "मला वाटलं, याचं कोण ऐकणार?" तिने लोरिसकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "सॉरी लोरिस. तू जवळ होतास एवढंच."

"पण का?" लोरिस म्हणाला. "बाप होता तुझा."

"माझी प्रत्येक नळी तो आत घेऊन बसायचा. दार लावून. मला ऐकायला कधी आत बसवलं नाही. मी बनवलेली, पण पहिलं ऐकणं त्याचं. मग पडदा सरकवायचा आणि ओद्दोनेला एकच शब्द. काप."

ओद्दोनेने खाली बघितलं. त्यानेच कापल्या होत्या सगळ्या.

"स्टुटगार्टच्या गाडी कंपनीने बोलावलं होतं मला, तर त्यानेच फोन करून सांगितलं, पोरीला कान नाही. कुणी दारातही उभं करेना. दुसरं कुठलं काम येत नाही मला, हेच येतं. इथून बाहेर जायची वाट त्याच्या कानातून होती आणि तो ती उघडत नव्हता." ती थांबली. "ही नळी चांगली होती. मला माहीत होतं. ही कापली असती तर मी संपले असते."



"दिवा पहिल्यांदा लागला ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मी किल्ली हातात घेतली होती. जाऊन झडप उघडणार होते. देवाशपथ. मग वाटलं, परत ऐकेल आणि शेवटी म्हणेल, काप. म्हणून बसले. नंतर दिवा लागतच राहिला." तिने लोरिसची बाही धरली, भाजलेल्या बोटांनीच. "तू बघत होतास दिव्याकडे. पहिला दिवा. तो मदत मागत होता की त्याला परत ऐकायचं होतं?"

लोरिसला उत्तर येत होतं. खोटं बोलावंसं वाटलं. त्याला दिवसभर जे वाटत होतं ते तिलाही वाटू दे, असं क्षणभर मनात आलं. पण ती तोंडाकडे बघत होती आणि त्याला खोटं सुचलंच नाही.

"एकदाच वाजवली होती मी तेव्हा," तो म्हणाला. "एवढ्यात गॅस चढत नाही, निवेस. त्यांना परत ऐकायचं होतं. आवडली होती."

तिचा चेहरा आधी उजळला. मग जे झालं ते लोरिसला बघवलं नाही. ती अंगणातल्या खडीवर खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्या भिंतीने खाल्ला नाही. पलीकडच्या शेतातला कुत्रा भुंकायला लागला.

फौजदार बाईंनी आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला. बेड्या घातल्या नाहीत. "उठा," म्हणाल्या. "गाडीत हीटर आहे."

सरकारी वकील पोचले तेव्हा निवेसचा जबाब लिहून झाला होता. प्रांदी साहेब विचारत होते की गुरुवारचं आता काय, आणि ओद्दोने त्यांना, तुम्ही आधी फाटकाबाहेर व्हा, म्हणून सांगत होता.

बाईंनी पातेल्यातून फोन काढून लोरिसला दिला. "तू जा. तुझ्यावर काही नाही."

"इंजिन मी चालवलं, बाई."

"हो," त्या म्हणाल्या. "त्याला माझ्याकडे कलम नाही." आणि शिंकल्या.

तो फाटकापर्यंत हात पुढे करून चाचपडत गेला. रस्त्यावर आला. फोनवर बायकोचे सगळे न घेतलेले कॉल. त्याने लावला. मोरेनाने पहिल्या रिंगलाच उचलला.

"लोरिस! कुठेयस? रेडिओवर सांगतायत एकाला धरून ठेवलंय म्हणून. तू नाहीयेस ना तो? सुटलास का तू?"

समोर पांढरं, मागे पांढरं. त्याने मागे वळून बघितलं, तर कारखाना दिसत नव्हता.

"बाहेर आलोय," तो म्हणाला.